लुटीनंतर दोन वर्षांनी

जानेवारी १६६६. सुरतेच्या बुऱ्हाणपूर दरवाज्याबाहेर उभे राहा. तापीवरून येणाऱ्या वाऱ्यात खारटपणा आहे, कारण भरतीचं पाणी शहरापर्यंत चढतं. पुढ्यात विटांच्या राशी आहेत आणि बैलांच्या पाठीवरून चुन्याच्या गोणी उतरताहेत. जुना तट मातीचा होता, तोही ठिकठिकाणी बसलेला. त्याच्या जागी आता जवळजवळ सहा हात जाडीची पक्की भिंत उभी राहते आहे. याच महिन्यात आलेला तेव्हनो नावाचा फ्रेंच प्रवासी हे काम पाहतो आणि लिहून ठेवतो.

गवंड्याला काही विचारायला तुम्ही तोंड उघडता आणि आजूबाजूची थापी थांबते. कापसाची गाडी घेऊन आलेला एक खानदेशी गाडीवान तुम्हाला कोपराला धरून बाजूला नेतो. "दादा, इथं जरा हळू बोला. तुमची बोली यांनी त्या पाच दिवसांत ऐकलीय."

शाळेत १६६४ च्या सुरतेच्या लुटीची गोष्ट तुम्ही अभिमानाने ऐकलेली असते, आणि तो अभिमान खोटा नाही. मोगल सरदार शाहिस्तेखानाची फौज तीन वर्षं पुणे, चाकण, जुन्नरच्या मुलखावर बसली होती. १६६० मध्ये चाकणचा किल्ला छप्पन्न दिवस झुंजून पडला. शेतं उजाड झाली, खजिना आटला. तो भरून काढायला शिवाजी राजांनी मोगल बादशहाच्या सर्वांत श्रीमंत बंदरावर हात घातला. यातला एक शब्दही मागे घ्यायची गरज नाही. पण त्या धड्याचं पुढचं पान आपण कधी उलटलं नाही, म्हणून तुम्ही इथे आला आहात.

दरवाज्यातून आत या. डच वखारीजवळ धनाढ्य व्यापारी वीरजी वोरांचा वाडा होता. तो लुटला गेला आणि जळलाही, पण वोरा अजून व्यापारात आहेत. त्यांची पत जळालेली नाही. बादशहाने लुटीनंतर व्यापाऱ्यांना वर्षभराची जकात माफ केली होती. तिचा लाभ ज्यांचा माल बंदराच्या फुरज्यावर उतरत होता त्यांना झाला.

आता गल्ल्यांत शिरा. गरिबांची घरं बोरूच्या कुडाची, शेणाने लिंपलेली, वर झावळ्या. अशा वस्तीत एक ठिणगी पडली की आग थांबवायला मध्ये काही नसतं, आणि १६६४ मध्ये हजारो घरं याच रीतीने गेली. कुड पुन्हा बांधलेत. नव्या झावळ्या अजून हिरवट दिसतात. लाकूड मात्र महाग आहे, दमणकडून समुद्रमार्गे येतं. म्हणून अनेक घरांना दार नाही, नुसता तरट टांगलेला आहे.

इथली माणसं इनायतखानाचं नाव काढतात आणि थुंकतात. पाचशे शिपायांचा पगार सरकारातून उचलणारा शहराचा हा मोगल अंमलदार लुटीच्या वेळी किल्ल्यात जाऊन बसला. पैसे चारणाऱ्या धनिकांना आत घेतलं. बाकीचे मिळेल त्या होडीने नदीपार गेले, खेड्यापाड्यांत पांगले. इनायतखानाने तहाच्या नावाखाली पाठवलेल्या माणसाने राजांवर मारेकरी हल्ला केला. त्यानंतर काही कैद्यांची मुंडकी उडवली गेली, काहींचे हात तोडले गेले. इंग्रज पाद्री एस्कॅलियटच्या पत्रात हे आहे. डच वखारीच्या एका दिवंगत दलालाचं घर, तो दानशूर होता म्हणून, सोडून दिलं, असं फ्रेंच प्रवासी बर्निए सांगतो. दोन्ही गोष्टी एकाच शहरातल्या, एकाच आठवड्यातल्या. मला एकीसाठी दुसरी पुसता येत नाही. चुना कालवणाऱ्या मजुरांत एखादा थोटा माणूस दिसला तर नजर फिरवू नका.

गाडीवान परतीला निघालाय. त्याच्याबरोबर दक्षिणेला उधन्यापर्यंत जा, फार लांब नाही. राजांची फौज याच बाजूने आली होती. हजारो घोडे, आणि दिवस रब्बीचे. वोरांचं किती गेलं याचे अंदाज वखारवाल्यांनी केले, पण उधन्याच्या उभ्या ज्वारीचा हिशेब कुणाच्या दफ्तरात नाही. लूट होऊन मराठे गेल्यावर शहर वाचवायला मोगल फौज आली. तिच्या घोड्यांनाही चारा लागलाच असणार. मागे वळून पाहा: ती सहा हात जाडीची भिंत जिथे संपते, त्याच्या कितीतरी बाहेर हे गाव आहे.

सध्या मात्र भीती थोडी निवली आहे. गेल्या जूनमध्ये पुरंदरचा तह झाला. या घडीला राजे मोगल सेनापती मिर्झाराजे जयसिंगांच्या बाजूने विजापूरकरांशी लढताहेत, पन्हाळ्यावर चालून गेलेत. सुरतेच्या पेढ्यांवर हुंड्या पुन्हा सहज वटताहेत. ऑक्टोबर १६७० मध्ये मराठे पुन्हा येतील, तटाचे रखवालदार किल्ल्याकडे पळतील, आणि नंतर नुसत्या आवईनेही हे शहर रिकामं होत राहील, हे फक्त तुम्हाला माहीत आहे.

उधन्यात एक म्हातारा उंचवट्यावर खणतो आहे. सांगावं का त्याला? तुम्ही घुटमळता. तोच कुदळ टेकवून तुमच्याकडे बघतो, बोली ओळखतो, तरी पाण्याचा लोटा पुढे करतो.

"बाबा, विहीर का?"

"पेव आहे, भाई. धान्याचं. एक तिकडे आहे, वाटेवर, कुणालाही दिसेल असं. जो येईल तो ते उपसून नेईल, बादशहाचा असो की तुमचा. हे दुसरं पोरांसाठी."

तुम्ही पाणी पिता. तो तुम्हाला कुदळीची दुसरी बाजू धरायला सांगतो, खाली मुरूम लागलाय.