काळ लिहिणारे घड्याळ

घड्याळ काळ दाखविते, हे आपण लहानपणापासून जाणतो. परंतु घड्याळाने काळ लिहूनही ठेवावा, अशी कल्पना एके काळी एका कारागिराला सुचली आणि ती त्याने प्रत्यक्षात उतरविली, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. नेहमीची वेळ दाखविण्याखेरीज एखाद्या घटनेचा कालावधी मोजण्यासाठी ज्यात बटण दाबून चालू-बंद करता येणारी स्वतंत्र योजना असते, त्या घड्याळाला 'क्रोनोग्राफ' म्हणतात. ग्रीक भाषेत 'क्रोनोस' म्हणजे काळ आणि 'ग्राफेन' म्हणजे लिहिणे. क्रोनोग्राफ म्हणजे कालालेखक. वास्तविक आज मनगटावर बांधले जाणारे हे क्रोनोग्राफ काहीच लिहीत नाहीत. मग हे नाव आले कोठून? आणि ज्याच्यामुळे ते आले, तोच या यंत्राचा आद्य निर्माता होता काय? या दोन प्रश्नांची उत्तरे देण्याचा आमचा येथे प्रयत्न आहे. त्यांतील दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या डोळ्यांदेखत बदलले.

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत परदेशी घड्याळांचा इतिहास कशासाठी, असे वाचक विचारतील. तसे विचारण्याचा त्यांना अधिकार आहे. त्यांनी लेखाच्या शेवटापर्यंत आम्हांस सवड द्यावी, एवढीच विनंती.

प्रारंभ अलीकडच्या एका घड्याळापासून करू. माँब्लाँ हे नाव आपल्याकडे उंची लेखण्यांमुळे परिचित आहे. १९०६ साली हॅम्बुर्ग येथे मूळ धरलेल्या या व्यवसायाने १९९७ मध्ये स्वित्झर्लंडातील ल लोक्ल या गावी घड्याळांच्या क्षेत्रात पाऊल टाकले आणि २००८ साली स्वतःच्या यंत्ररचनेवर चालणारा एक क्रोनोग्राफ बाजारात आणला. त्याला नाव दिले निकोला रिउसेक या फ्रेंच घड्याळजीचे. या घड्याळाची तबकडी पाहणाऱ्याला क्षणभर बुचकळ्यात टाकते. तास-मिनिटांचे वर्तुळ वरच्या बाजूस सरकविलेले, आणि खाली दोन लहान चकत्या, एक साठ सेकंदांची व दुसरी तीस मिनिटांची. सामान्य घड्याळात आकडे स्थिर असतात व काटा फिरतो. येथे कालावधी मोजताना काटा जागच्या जागी राहतो आणि त्याच्याखालून आकड्यांची चकती फिरते. एकच बटण, पहिल्या दाबाने मोजणी सुरू, दुसऱ्याने बंद, तिसऱ्याने पुन्हा शून्यावर. चावी दिल्यावर तीन दिवस चालणारे हे यंत्र आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशाला पेलणारे नाही, हे खरे. पण त्याच्या फिरत्या चकत्यांमागे जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीची जी कथा आहे, ती ऐकण्यास मोल पडत नाही.

दिनांक १ सप्टेंबर १८२१. स्थळ पॅरिसमधील शां-द-मार्सचे विस्तीर्ण मैदान. ज्याच्या टोकाला पुढे १८८९ साली आयफेल मनोरा उभा राहिला, तेच. आपल्याकडे पेशवाई बुडून अवघी तीन वर्षे झाली होती. फ्रान्समध्ये नेपोलियनचा अस्त होऊन अठराव्या लुईचे राज्य चालू होते. त्या दिवशी मैदानावर घोड्यांच्या शर्यती होत्या. पहिला घोडा कोणता आला हे सांगण्यास डोळे पुरतात. परंतु प्रत्येक घोड्याला किती वेळ लागला हे सांगावयाचे, तर नजर घोड्यावर ठेवावी की घड्याळावर, हा पेच पडतो. काट्याकडे पाहावे तर घोडा निसटतो आणि घोड्याकडे पाहावे तर क्षण.

रिउसेकने हा पेच मोठ्या युक्तीने सोडविला. त्याचे यंत्र एका पेटीत बसविलेले होते. त्यात फिरत्या तबकड्या आणि त्यांच्यावर शाईने भरलेले टोक. घोडा रेषा ओलांडताच निरीक्षकाने नजर न हलविता केवळ बोटाने कळ दाबावयाची, की शाईचा एक ठिपका तबकडीवर उमटे. पुढचा घोडा आला की दुसरा ठिपका. सर्व घोडे येऊन गेल्यावर, धूळ बसल्यावर, सावकाश तबकडी पाहावी व प्रत्येकाचा काळ वाचून घ्यावा. क्षण निघून गेला तरी त्याची खूण राहिली. या यंत्राला 'कालालेखक' हे नाव अक्षरशः शोभत होते.

पुढे जे घडले ते आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे. रिउसेकचे यंत्र पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे गेले. तिच्या वतीने परीक्षण करणाऱ्यांत त्या काळचा घड्याळकारांचा मुकुटमणी अब्राहम-लुई ब्रेगे आणि विख्यात अभियंता द प्रोनी हे होते. ऑक्टोबर १८२१ मध्ये त्यांचा अनुकूल अहवाल आला आणि मार्च १८२२ मध्ये रिउसेकला पाच वर्षांचे एकस्व मिळाले. शर्यतीचे साक्षीदार, विद्वानांचा अहवाल, सरकारी सनद, असे तिन्ही पुरावे त्याच्या पदरी होते. त्यामुळे जवळजवळ दोन शतके इतिहासाच्या पुस्तकांत क्रोनोग्राफचा जनक म्हणून त्याचेच नाव छापले गेले. २००८ साली लेखण्या करणाऱ्या पेढीने काळ 'लिहिणाऱ्या' या पूर्वजाचे नाव आपल्या घड्याळाला द्यावे, यात औचित्यही होते आणि त्या वेळच्या ज्ञानाप्रमाणे ते बरोबरही होते.

त्यानंतर चारच वर्षांनी, मे २०१२ मध्ये, जिनिव्हा येथील एका लिलावात खिशात मावेल अशा आकाराचे एक जुने यंत्र विक्रीस निघाले. त्याच्यावर लुई म्वाने हे नाव होते. म्वाने १७६८ साली बूर्ज येथे जन्मला. त्याने चित्रकला व शिल्पकला यांचे शिक्षण घेतले होते. पुढे तो पॅरिसमध्ये ब्रेगेच्या निकटच्या वर्तुळात वावरला. १८४८ साली त्याने घड्याळशास्त्रावर एक विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १८५३ साली तो निवर्तला. जाणकार त्याला ग्रंथकार म्हणून ओळखत. क्रोनोग्राफशी त्याचे नाव कोणीही जोडले नव्हते. लिलावातील यंत्राची तपासणी झाली. त्याच्या धातूवर शुद्धतेचे जे सरकारी ठसे होते, त्यांनी काळाची साक्ष दिली. यंत्राचे काम १८१५ मध्ये सुरू होऊन १८१६ मध्ये पूर्ण झाले होते. म्हणजे शां-द-मार्सच्या शर्यतीपूर्वी पाच वर्षे. मार्च २०१३ मध्ये ते जगापुढे मांडले गेले आणि कालमापनाच्या इतिहासातील एक पान नव्याने लिहावे लागले.

या यंत्राची करामत समजण्यासाठी त्याचे प्रयोजन पाहिले पाहिजे. म्वानेला घोड्यांशी कर्तव्य नव्हते. त्याचे लक्ष ताऱ्यांकडे होते. दुर्बिणीच्या भिंगात आखलेल्या सूक्ष्म तारांपैकी एकीवरून दुसरीवर तारा सरकण्यास किती वेळ लागतो, हे त्याला अचूक मोजावयाचे होते. त्यासाठी सेकंद हे माप स्थूल पडे. म्हणून त्याने सेकंदाचे साठ भाग करणारे यंत्र घडविले. त्याचा मधला काटा एका सेकंदात संपूर्ण फेरी घेतो. सेकंद, मिनिटे आणि तास यांची गणना लहान वर्तुळांत होते. यासाठी त्यातील दोलनचक्राला ताशी २,१६,००० ठोके द्यावे लागतात. आजच्या चांगल्या यांत्रिक मनगटी घड्याळात ही संख्या बहुधा २८,८०० असते, हे ध्यानात घेतले म्हणजे १८१६ सालच्या त्या हाताचे कसब कळते. याहून सूक्ष्म, शतांश सेकंदापर्यंतचे यांत्रिक मापन साधण्यास १९१६ साल उजाडावे लागले. शिवाय म्वानेच्या यंत्रात काटे पुन्हा शून्यावर आणण्याचीही सोय होती. या सोयीचा उगम आडोल्फ निकोल याच्या १८४४ च्या एकस्वात आहे, असे तोवर मानले जाई. तेही मत बदलावे लागले.

म्वानेने आपल्या यंत्राला 'तियर्सचा गणक' असे नाव दिले होते. तियर्स म्हणजे तिसरा. तासाचा पहिला साठावा भाग मिनिट, दुसरा साठावा भाग सेकंद, आणि तिसरा साठावा भाग तियर्स. मराठी वाचकाला ही रचना मुळीच परकी वाटू नये. आपल्या पंचांगात अहोरात्राच्या साठ घटका, घटकेची साठ पळे आणि पळाची साठ विपळे. चोवीस मिनिटांची एक घटका, चोवीस सेकंदांचे एक पळ आणि सेकंदाच्या दोन पंचमांश भागाएवढे एक विपळ. पाण्यावर तरंगणारे तळाशी छिद्राचे घटिकापात्र भरून बुडाले की घटका भरली, असे मानून आपल्या पूर्वजांनी लग्ने लावली आणि 'चार घटका दिवस आला असता' अशा शब्दांत जुन्या पत्रांतून लढायांची हकीगत कळविली. म्वाने पॅरिसमध्ये सेकंदाचा साठावा भाग मोजत होता, तेव्हा पुण्यात पेशव्यांचे राज्य होते. दोन्हीकडे विभागणी साठाचीच. विपळाची नोंद आपल्या गणितात होती, तिच्याहून सूक्ष्म काळ त्याने चाकांच्या दातांत पकडला.

आता न्यायाचा प्रश्न. म्वाने आधीचा ठरला म्हणून रिउसेक खोटा ठरतो काय? आमच्या मते मुळीच नाही. रिउसेकने कोणाची चोरी केली नाही. शाईने काळ टिपण्याची त्याची युक्ती म्वानेच्या यंत्रात नव्हती. म्वानेचे यंत्र काळ मोजे, पण लिहीत नसे. आणि गंमत अशी, की 'लिहिणारा' हे नाव मात्र पुढे न लिहिणाऱ्या सर्व घड्याळांना चिकटले. २०१६ साली, म्हणजे यंत्राला दोनशे वर्षे झाली त्या वर्षी, पहिल्या क्रोनोग्राफचा मान गिनेसच्या नोंदीतही म्वानेकडे गेला. त्याच्या नावाने २००४ पासून पुन्हा चालू झालेल्या स्विस पेढीनेही मनगटी क्रोनोग्राफ काढले आहेत. त्यांतील एकात एरवी तबकडीखाली लपविली जाणारी कालमापनाची यंत्रणा मुद्दाम वर, दर्शनी बाजूस मांडली आहे. अशा रीतीने आज दोन पूर्वजांच्या नावांची दोन उंची घड्याळे जगात नांदत आहेत. एकाने नाव दिले, दुसऱ्याने आरंभ केला. दोघांचेही ऋण मान्य करण्यात कोणाचे काही उणे होत नाही.

मात्र एक गोष्ट मनाला लागून राहते. म्वाने आपले यंत्र पूर्ण झाल्यानंतर सदतीस वर्षे जगला. शर्यतीची, अहवालाची, एकस्वाची सर्व वाहवा त्याच्या हयातीत, त्याच शहरात झाली. त्याची साक्ष देणारे यंत्र कोणा संग्राहकाच्या कपाटात होते. इतिहासाच्या पटावर ते नव्हते.

आता वाचकांना दिलेल्या वचनाकडे वळतो. या स्मरणिकेसाठी मंडळाचा इतिहास लिहिण्याचे काम आम्हां तिघांकडे आले, तेव्हा पहिला गणेशोत्सव केव्हा व कोठे झाला, यावर दोन मते होती. एका मताच्या बाजूस छापील कार्यक्रमपत्रिका होती: सभागृह, अध्यक्ष, वक्ते, सर्व काही ठसठशीत. दुसरे मत मंडळातील एका वृद्ध आजींचे होते. त्या म्हणत, की त्याच्या आदल्या वर्षी आमच्या रेल्वेच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये गणपती बसला होता, सात कुटुंबे आरतीला आली होती आणि एकवीस मोदकांना नारळ मिळेना म्हणून त्यांनी भर पावसात सारा बाजार पालथा घातला होता. आम्ही त्यांचे बोलणे आदराने ऐकत असू आणि पत्रिकेचे साल लिहीत असू. वयपरत्वे सालाचा घोळ होतो, असे आम्ही आपसांत म्हटलेही.

गतवर्षी आजी वारल्या. त्यांच्या मुलाने घर आवरताना लोखंडी ट्रंकेच्या तळाशी एक शाळकरी वही आढळली, ती त्याने आमच्याकडे आणून दिली. पहिल्या पानावर श्रीगणेश, खाली दिनांक, आणि सात नावांपुढे वर्गणीचे आकडे. शेवटी खर्चाच्या रकान्यात नारळ. साल पत्रिकेच्या आदले होते.

म्हणून या अंकाच्या आरंभी जी सनावळी छापली आहे, तिच्यात पहिल्या ओळीवर ते क्वार्टर आणि ती सात कुटुंबे आहेत. सभागृहातील जाहीर उत्सव दुसऱ्या ओळीवर आहे. त्याचा मान कमी झालेला नाही, कारण मंडळाला नाव त्या सभेत मिळाले. परंतु आरंभ दोन खोल्यांत झाला, हे सांगण्यास आम्हांला उशीर झाला, आणि ज्यांना सांगावयाचे त्या ऐकावयास उरल्या नाहीत. त्याची आम्हांस खंत आहे.

आपल्या गावापासून दूर राहणाऱ्या आपल्या कुटुंबांची दप्तरे कोणत्याही सरकारी दफ्तरखान्यात मिळणार नाहीत. ती ट्रंकांत, माळ्यावर, देवघराच्या फडताळात असतील. घर बदलताना, बदलीचे सामान बांधताना, एखादी वही, पावती, हळदीकुंकवाची आमंत्रणपत्रिका रद्दीत टाकण्यापूर्वी एकवार उघडून पाहावी आणि मंडळाकडे पाठवावी, अशी आमची सर्वांस आग्रहाची विनंती आहे. मंडळाच्या कचेरीत त्यासाठी एक कपाट रिकामे करून ठेवले आहे. पहिल्या खणात ती शाळकरी वही आहे.