दहा प्रश्नांचा कागद

आजचा भाग थोडा घरचा आहे. माझी ताई बाळंतपणाला माहेरी आली होती. आशाताई यायच्या, बाळाचं वजन करायच्या. ताई कोपऱ्यात गप्प बसून. आई म्हणायची, "ओली बाळंतीण आहे, होतं असं." घरात कुणी तिला काही विचारलंच नाही. मीसुद्धा नाही.

विचारायचं तरी कसं? नैराश्य ओळखायच्या जुन्या प्रश्नावल्या झोप, भूक, थकवा असलं विचारायच्या. आता तान्हं बाळ असलेली कोणती बाई थकलेली नसते, सांगा! जॉन कॉक्स, जेनी होल्डन आणि रूथ सगोव्स्की या तिघांनी यावर स्कॉटलंडमध्ये काम केलं आणि १९८७ मध्ये 'एडिनबरा' प्रश्नावली छापली. गेल्या सात दिवसांबद्दल दहा प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण. हसू येतं का, विनाकारण स्वतःला दोष देता का, आणि दहावा, स्वतःला इजा करावीशी वाटली का. झोपेचाही प्रश्न आहे, पण कसा? मन दुःखी म्हणून झोप लागत नाही का, असा. बाळ रडतं म्हणून नव्हे. मला तर हेच सगळ्यात भारी वाटतं.

गुण जास्त आले म्हणजे आजार पक्का, असं नाही. ते डॉक्टर बोलून ठरवतात. पण दहाव्याला 'हो' आलं तर थांबू नका. टेली-मानसचा १४४१६ नंबर आत्ताच सेव्ह करा.

ओळखलं, पुढे काय? १९८९ मध्ये होल्डन यांच्या गटाचा ५० आयांवरचा प्रयोग छापून आला. घरी भेट देणाऱ्या नर्सना थोडं शिकवलं: आठ आठवडे, दर आठवड्याला जाऊन नीट ऐकून घ्यायचं. तीन महिन्यांनी अशा २६ पैकी १८ जणी बऱ्या झाल्या. नेहमीचीच सेवा मिळालेल्या २४ पैकी फक्त ९.

हाच कागद पुढे गोव्यात आला. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांचा २००२ चा अभ्यास सांगतो की, साधारण २३ टक्के बाळंतिणींना नैराश्य होतं. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेलं नातं आणि मुलगी होणं, यांनी धोका वाढत होता.

ताईलाही मुलगीच झाली होती.

रेकॉर्डिंगआधी तिला फोन लावला, दहाही प्रश्न वाचून दाखवले. दहाव्यावर ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "तेव्हा विचारलं असतंस ना, तर हो म्हटलं असतं."