पात्राचे नाव आणि नटाचे नाव

रहाटणीहून पिंपळे सौदागर मागे टाकून पिंपळे गुरवास गेले म्हणजे महानगरपालिकेने बांधलेले एक रंगमंदिर लागते. त्यास निळू फुले यांचे नाव दिलेले आहे. तरुणपणी पुण्यातील लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम करणाऱ्या आणि पुढे पडद्यावर बहुधा खलपुरुषच रंगविणाऱ्या ह्या नटाचे नाव एका नाट्यगृहास मिळावे, ही समाजाच्या कृतज्ञतेची मोठी खूण होय. नायकाचा मान सर्वत्रच असतो. चरित्रनटास असा मान क्वचितच लाभतो.

चरित्रनट म्हणजे ज्यास पाहून प्रेक्षक त्याच्या रूपावर लुब्ध होत नाही, तर त्या पात्राचा स्वभाव ओळखतो, असा नट. नाट्यगृहात वा चित्रपटगृहात जाणारा मनुष्य तिकीट काढून, जाहिरातीतील नावे वाचून जातो. त्यामुळे नटाचे नाव त्याच्या ध्यानी राहते. परंतु गेल्या शतकात नटास प्रेक्षकाच्या घरात नेऊन बसविणारी दोन साधने आली, नभोवाणी आणि दूरचित्रवाणी. घरात येणाऱ्या पाहुण्यास आपण ज्या नावाने हाक मारतो तेच त्याचे नाव होऊन बसते. ह्या कलावंतांचेही तसेच झाले.

मुंबईचे नभोवाणी केंद्र १९२७ च्या जुलैत सुरू झाले, पुण्याचे १९५३ च्या गांधीजयंतीस. ‘पुन्हा प्रपंच’ ही मुंबई केंद्राची कौटुंबिक श्रुतिकामाला ज्या पिढीने ऐकली, तिला टेकाडे भावजी आणि मीनावहिनी हे आपले शेजारीच वाटत. टेकाडे भावजींचा आवाज बाळ कुडतरकर यांचा आणि मीनावहिनींचा नीलम प्रभू यांचा. नभोनाट्यात वेष नाही, रंगभूषा नाही, हातवारे नाहीत. थकवा, लटका राग, मनातला संकोच हे सारे श्वासाच्या लांबीतून आणि शब्दाच्या उंचसखलपणातून उभे करावे लागते. हे दोघांनी असे साधले की ऐकणाऱ्यांनी त्यांचे चेहरे आपापल्या मनाने रचले. ज्याचा चेहराच लोकांनी रचला, त्याचे खरे नाव त्यांस कोठून आठवणार?

१९७२ च्या ऑक्टोबरात मुंबईस दूरदर्शन केंद्र निघाले आणि सिंहगडावरील मनोऱ्यामुळे त्याचे कार्यक्रम पुण्याकडेही दिसू लागले. १९७७ च्या सुमारास तेथून चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावाची मालिका दाखविली जाऊ लागली. चिमणराव ह्यापूर्वी पडद्यावर आला नव्हता असे नाही. १९४० च्या ‘लग्न पहावे करून’ ह्या चित्रपटात दामुअण्णा मालवणकरांनी तो रंगविला होता. तथापि ह्या नव्या छोट्या पेटीसमोर सारी आळी एका घरी जमत असे, आणि तेथे भित्रा, विद्याप्रिय, सदा गोंधळात सापडणारा चिमणराव म्हणजे दिलीप प्रभावळकर, आणि त्यास सोडविणारा सोटाधारी गुंड्याभाऊ म्हणजे बाळ कर्वे, असे समीकरण ठरून गेले. कर्वे हे मुंबई महानगरपालिकेत अभियंता होते. रंगभूमीवर त्यांनी इतर कामेही केली. परंतु २०२५ साली त्यांचे निधन झाले तोवर लोकांच्या मनात ते गुंड्याभाऊच राहिले.

प्रभावळकरांची वाटचाल मात्र येथून निराळी झाली आणि ती अभ्यासण्याजोगी आहे. जी भूमिका नटास घरोघर पोहोचविते, तीच पुढे त्याची बेडी बनते. तिच्यातून सुटण्याचा एक मार्ग म्हणजे पुनःपुन्हा दुसराच मनुष्य होऊन दाखविणे. रत्नाकर मतकरी यांच्या ‘अलबत्या गलबत्या’ ह्या बालनाट्यात त्यांनी चेटकीण रंगविली होतीच. १९९१ च्या ‘चौकट राजा’त बुद्धीची वाढ खुंटलेला नंदू त्यांनी केला, आणि त्यात करुणेस कोठेही बाजारी स्वरूप येऊ दिले नाही. १९९३ च्या ‘झपाटलेला’त ते तात्या विंचू झाले, बाहुल्याच्या देहात शिरलेल्या त्या गुंडास पुढे केवळ आवाजावर जिवंत ठेवावयाचे होते. नभोवाणीची विद्याच येथे उपयोगी पडली. स्वतःच लिहिलेल्या ‘हसवाफसवी’ नाटकात तर त्यांनी एकाच प्रयोगात सहा भूमिका केल्या आणि त्यांतील वृद्ध गायकनट कृष्णराव हेरंबकरांमधून एका अस्तंगत रंगभूमीसच प्रेक्षकांसमोर उभे केले. ‘लोकसत्ते’तील त्यांच्याच ‘अनुदिनी’ ह्या सदरातून २००१ साली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही दूरचित्रमालिका जन्मास आली. तीतील आबा टिपरे त्यांच्याहून वयाने बरेच मोठे. पण ते म्हातारपण त्यांनी कुरकुरीवर उभे केले नाही, कुतूहलावर उभे केले. पुढे २००६ च्या ‘लगे रहो मुन्नाभाई’त ते गांधीजी झाले, त्या भूमिकेसाठी आणि ‘शेवरी’साठी त्यांस साहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

ह्यांपैकी कोणता मार्ग श्रेष्ठ, असे कोणी विचारील. एकाच पात्रात विरघळून जाणे हा पराभव मानण्याचे कारण नाही. लेखकाने कागदावर निर्मिलेल्या मनुष्यास आपले उभे आयुष्य देऊन टाकणे हेही दान होय. शेवटी दोघांनाही भय आहे ते एकाच गोष्टीचे. पुस्तक उरते, चित्रपटाच्या प्रती उरतात. परंतु फीत महाग असलेल्या त्या काळात जुनी फीत पुसून तीवरच नवा कार्यक्रम घेण्याची रीत होती. इंग्लंडातील बी.बी.सी. सारख्या संपन्न संस्थेनेही तेच केले. ‘डॉक्टर हू’ ह्या तिच्या लोकप्रिय मालिकेचे १९६० नंतरच्या दशकातील कित्येक भाग असे नाहीसे झाले. परंतु त्या हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज मात्र आज उपलब्ध आहे. कारण कोणी शाळकरी मुले, कोणी हौशी प्रेक्षक आपल्या घरी दूरचित्रवाणीजवळ ध्वनिमुद्रक ठेवून बसले होते. संस्थेने जे टाकले ते घरांनी राखले.

हा दृष्टांत आपल्याही उपयोगाचा आहे. आमच्या ह्या परिसरात कारखान्यांच्या निमित्ताने गावोगावचे लोक आले, जुन्या घरांच्या जागी इमारती उठल्या, आणि प्रत्येक स्थलांतरात माळ्यावरची एखादी पेटी भंगारात गेली. त्या पेटीत लग्नाच्या गाण्यांच्या कॅसेटीशेजारी, वडिलांनी रविवारी सकाळी हौसेने भरून घेतलेली एखादी श्रुतिकाही असू शकेल. ती टाकण्यापूर्वी एकदा ऐकावी, आणि वर एक कागद चिकटवून त्यावर बोलणाऱ्याचे नाव लिहावे. पात्राचे नव्हे, नटाचे. ज्यांनी आपली नावे आपल्या घरांत हरवली, त्यांना ती परत देण्याचे काम रंगमंदिरांवर सोपवून चालणार नाही. ते घरांनीच केले पाहिजे.