आच आणि दारूगोळा

१४ एप्रिल १९४४, शुक्रवार. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज उभं होतं. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता आणि कराचीला चढवलेल्या कापसाच्या ८,७०० गाठीही. दुपारी दीड-दोनच्या सुमाराला धूर दिसला. दाबून बांधलेली गाठ आतल्या आत धुमसते, पाणी तिच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही. बंबवाल्यांनी ९०० टनांहून अधिक पाणी ओतलं. ते उकळू लागलं, पण आगीचं मूळ सापडेना. जहाजाच्या बाजूचा पत्रा इतका तापला की त्यावरचा रंग फुगून आला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. त्याचा हादरा सिमल्याच्या भूकंपमापकावरही नोंदला गेला.

दारूगोळा उडायला ठिणगी लागते, असं आपण समजतो. पण नुसती आचही पुरते. शेकोटीपुढे बसलं की तोंड भाजतं आणि पाठ गार राहते. ही किरणांनी येणारी आच, आणि लालबुंद तापलेला पत्रा तीच फेकत असतो. स्फोटक पदार्थ तापला की त्याचं विघटन सुरू होतं आणि त्यातून स्वतःचीच उष्णता निघू लागते. ती बाहेर पडण्यापेक्षा साचण्याचा वेग वाढला, की पुढे बाहेरच्या आगीची गरजच उरत नाही.

१९६० मध्ये लेसर आला आणि संशोधकांना हे मोजून पाहता आलं. चिमूटभर पदार्थावर ठरावीक प्रकाश ठरावीक वेळ टाकायचा. प्रकाश प्रखर असेल, तर आतला भाग थंड असतानाच पृष्ठभाग पेटतो. आच मंद असेल, तर वेळ जास्त लागतो, पण तेवढ्यात उष्णता खोलवर मुरते. म्हणजे किती तापलं, याइतकंच किती वेळ तापलं, हेही महत्त्वाचं. गोदीत त्या दुपारी दोन तास गेले होते.

त्या आगीशी झुंजताना अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. त्याच खाडीच्या पलीकडच्या काठावर, न्हावा-शेव्याला, १९८९ पासून जवाहरलाल नेहरू बंदर चालू आहे. पेट घेणारा माल आणि स्फोटकं शेजारी ठेवू नयेत, हा नियम आज जगभरच्या जहाजांना लागू आहे. नियम कागदी वाटतो, पण त्याची किंमत मुंबईने मोजली आहे.