पस्तित्सी आणि गावची भट्टी

माल्टातल्या कुठल्याही पस्तित्सीच्या दुकानात शिरलं की विचारणा एकच होते: चीज की वाटाणा? सरावलेलं गिऱ्हाईक मात्र न विचारताच ओळखतं. मधोमध घडी पडून तोंड किंचित उघडं राहिलेली ती चीजची. एका कडेनं मुडपून बंद केलेली ती वाटाण्याची. दोन्ही पापुद्र्यांच्या, आत सारण भरलेल्या, होडीसारख्या निमुळत्या, तळहातावर मावतील एवढ्या. भट्टीतून ताट आलं की कागदात गुंडाळून हातात मिळतात आणि पहिल्या घासालाच शर्टावर चुरा सांडतो. एक नग बहुतेक ठिकाणी आजही एका युरोच्या आत येतो.

माल्टा हा सिसिलीच्या दक्षिणेचा ३१६ चौरस किलोमीटरचा देश. मुंबई शहर आणि उपनगरं मिळून याहून मोठी. एवढ्याशा बेटावर अरब, नॉर्मन, धर्मयोद्धे, फ्रेंच, इंग्रज असे सगळे येऊन गेले. त्यामुळे तिथल्या खाण्याचा इतिहास सांगताना राज्यकर्त्यांची यादी वाचायची सवयच पडली आहे: हे अरबांनी दिलं, ते सिसिलीहून आलं, चहा इंग्रजांचा. सोपं आहे, आणि निम्मं खरंही आहे. पण पस्तित्सीचा माग काढत गेलं की वाट राजवाड्याकडे न जाता गावच्या भट्टीशी येऊन थांबते.

आधी ती होते कशी ते पाहू. मैदा, पाणी, मीठ यांचा गोळा चांगला मळून विसावत ठेवतात. मग ओट्यावर तो ओढत ओढत लांब पातळ पट्टी करतात, खालचा ओटा दिसावा इतकी पातळ. तिच्यावर हातानं चरबी फासायची, पट्टी गुंडाळत नेऊन दोरखंडासारखी वळकटी करायची आणि पुन्हा विसावू द्यायची. आपण चिरोट्याला साटा लावतो त्याच जातीचं हे काम, फक्त इथे लाटण्यापेक्षा ओढण्यावर भर. वळकटीचे तुकडे तोडले की खरा कारागीर दिसतो: तो तुकड्यात अंगठा रोवून, फिरवून वाटी करतो, सारण भरतो, दोन टोकं चिमटतो आणि पुढचा तुकडा उचलतो. वजनकाटा नाही, साचा नाही. अंगठ्याचा दाब कमी पडला तर बूड कच्चं राहतं, जास्त झाला तर पापुद्रे चिकटून बसतात. हे वाचून येत नाही, म्हणून जुन्या पद्धतीची दुकानं बहुतेक घरचीच असतात. बापाशेजारी उभं राहून मुलगा शिकतो, सुनाही शिकतात.

या कामाचा जवळचा नातलग नेपल्सला सापडतो. तिथली स्फोल्यातेल्ला अशीच ओढून, चरबी लावून, गुंडाळून, तुकड्याला अंगठ्यानं खोलगट करून भरतात. ती गोड, ही खारी. नातं असण्यात नवल नाही. १०९१ मध्ये नॉर्मन सरदार रॉजर माल्टावर उतरला, तेव्हापासून बेटाचं नशीब सिसिलीशी बांधलं गेलं. १५३० मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सनं माल्टा सेंट जॉनच्या धर्मयोद्ध्यांना दिला. दरसाल एक ससाणा, एवढाच त्याचा खंड. तरीही कागदोपत्री बेट सिसिलीच्या राज्याचाच भाग राहिलं. पोटापुरता गहू खडकाळ माल्टात पिकत नसे. तो सिसिलीहून यायचा, आणि त्यातला ठरावीक हिस्सा जकातीशिवाय आणण्याची सवलत होती. जिथून गहू यायचा तिथूनच तो मळण्याच्या तऱ्हाही आल्या.

मग अरबांचं काय? माल्टाची भाषा आजही अरबी कुळातली आहे, लिपी तेवढी रोमन. इ. स. ८७० मध्ये बेट अरबांनी जिंकलं. म्हणून वाटाडे पस्तित्सीचं मूळही बेधडक तिकडे नेऊन लावतात. इथे चरबी साक्ष देते. जुन्या पद्धतीची पस्तित्सी डुकराच्या चरबीवर उभी आहे, आणि मुसलमानी स्वयंपाकघरात ती चरबी शिरणं शक्य नाही. पापुद्र्यांची कल्पना भूमध्य समुद्राच्या सगळ्याच किनाऱ्यांवर फिरली असेल, पण ही वळकटी ख्रिस्ती घरातली आहे.

अरबी वारसा पाहायचाच असेल तर त्याच काउंटरवर शेजारी पाहावं. तिथे इमआरेत असतात: खजुराचा गर, बडीशेपेच्या जातीचं अनिस, संत्र्याची साल आणि संत्र्याच्या फुलांचं पाणी एकत्र करून पिठाच्या पट्टीत भरायचं, तिरके काप करून तेलात तळायचं. ट्युनिशियातले रव्याचे मक्रूद याचे सख्खे भाऊ, नावानं आणि आकारानंही. पण हाही वारसा अकराव्या शतकात एकदाच देऊन टाकलेला नाही. धर्मयोद्ध्यांच्या काळात गॅलीवर वल्ही मारायला आणि बंदरात राबायला उत्तर आफ्रिकेतले मुसलमान गुलाम मोठ्या संख्येनं होते, आणि त्या किनाऱ्याशी लढाईइतकाच व्यापारही चालत असे. खजूर काही माल्टात पिकत नाही. तो पिढ्यानपिढ्या बाहेरूनच आला.

म्हणजे जिन्नस आणि तऱ्हा आल्या कुठून हे बऱ्यापैकी सांगता येतं. पण पस्तित्सी घराघरात न होता दुकानात का होऊ लागली? याचं उत्तर जळणात आहे. माल्टात झाडं फार थोडी. ज्याँ क्वाँतँ या फ्रेंच धर्मगुरूनं १५३६ मध्ये बेटाचं वर्णन छापलं, त्यात लाकूड इथे वजनावर विकलं जातं आणि लोक वाळलेलं शेण आणि काटेरी झुडपं जाळतात, असं नोंदवलं आहे. आपल्या गोवऱ्या, तशाच. असल्या जळणावर घरच्या दगडी शेगडीत, ज्याला ते केनूर म्हणतात, मंद आचेवर रस्सा रटरटत ठेवता येतो. खरपूस भाजायला मोठी, तापलेली भट्टी लागते, आणि ती गावात पाववाल्याकडेच असायची. एकट्या घरानं पेटवणं परवडणारं नव्हतं.

त्यातून एक रीतच पडली. रविवारी सकाळी बायका बटाटे आणि मांस रचलेली, नाहीतर मॅकरोनी भरलेली थाळी घेऊन पाववाल्याकडे जात. पाव निघून गेलेल्या, अजून तापलेल्या भट्टीत तो ती थाळी सरकवी. नंबराचा एक बिल्ला थाळीवर आणि त्याच नंबराचा दुसरा हातात. मिसा आटोपून परतताना बिल्ला दाखवायचा आणि जेवण घेऊन घरी जायचं. भट्टी अशी गावाची सामाईक असली की तिच्यावर आणखी काय भाजता येईल हे भट्टीवालाच ठरवतो. ऑर्मी हे गाव तर धर्मयोद्ध्यांच्या काळात ‘काझाल फोर्नारो’, म्हणजे भटियाऱ्यांचं गाव, म्हणूनच ओळखलं जाई. पीठ त्याच्याकडे, आच त्याच्याकडे, पहाटेचं जागरणही त्याचंच. पस्तित्सी घडली ती या माणसाच्या ओट्यावर.

सारणाची गोष्ट वेगळी आहे. चीज म्हणजे इथे इरकोत्ता. इटलीत रिकोत्ता चीज काढून उरलेल्या निवळीची करतात. माल्टात मात्र अख्खं दूध तापवून, त्यात समुद्राचं पाणी घालून नासवण्याची पद्धत होती. समुद्राच्या पाण्यातले मॅग्नेशियमचे आणि कॅल्शियमचे क्षार दूध फाडायला मदत करतात, मीठही आपोआप पडतं. दुधाचं मात्र माल्टात वाकडं होतं. शेळ्यांचे कळप राजधानी वॅलेटाच्या रस्त्यांतून दारोदार हिंडत आणि उंबऱ्यावरच धार काढून दिली जाई. गोऱ्या शिपायांना तापानं महिनोनमहिने अंथरुणाला खिळवलं, तेव्हा डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरनं १८८७ मध्ये त्याचा जंतू शोधला. तो शेळ्यांच्या दुधातून येतो हे १९०५ मध्ये थेमिस्टोक्लिस झामित या माल्टीज वैद्यानं दाखवून दिलं. पुढच्याच वर्षी छावण्यांतून शेळीचं दूध बंद झालं आणि ताप ओसरला. गावाला कच्चं दूध सोडवायला मात्र आणखी तीन दशकं गेली. १९३८ मध्ये पाश्चराइज केलेल्या दुधाचं सरकारी केंद्र निघालं. मुळात उकळीपर्यंत तापवलेल्या दुधाची इरकोत्ता त्या सगळ्या काळात कच्च्या दुधापेक्षा निर्धोकच होती.

वाटाण्याची पस्तित्सी गरिबाची. सुका वाटाणा भिजवून, शिजवून, कांद्याबरोबर परतून घोटायचा. अनेक पाककृतींत त्यात चमचाभर करी पावडर असते. मराठी वाचकाला इथे एकदम घरचं वाटेल आणि नातं जोडायचा मोह होईल, कारण १८७८ मध्ये रशियाला धाक दाखवण्यासाठी मुंबईहून सुमारे सात हजार हिंदी सैनिक खरोखरच माल्टात उतरवले होते आणि त्यांत मुंबई इलाख्याच्या पलटणीही होत्या. पण करी पावडर ही विलायती स्वयंपाकघराची वस्तू. अठराव्या शतकाच्या अखेरीस ती लंडनच्या दुकानांत मिळत होती. माल्टात १८०० पासून ठाण मांडून बसलेल्या इंग्रजांच्या पेटाऱ्यातून ती यावी हेच जास्त सरळ दिसतं. काचेच्या पेल्यातला दुधाचा चहाही त्यांच्याबरोबरच आला आणि पस्तित्सीला जन्माचा जोडीदार मिळाला.

या जोडीला गिऱ्हाईक लाभलं ते ग्रँड हार्बर बंदराच्या गोदीतलं. पहाटे कामावर निघालेल्या माणसाला स्वस्त, गरम आणि दुपारपर्यंत टिकेल असं काहीतरी हवं होतं. मैदा आणि चरबी यांनी ते भागवलं. पिठाचा भाव इथे किती जिव्हाळ्याचा होता हे ७ जून १९१९ ला दिसलं: पाव महाग झाल्यानं वॅलेटात जमाव उसळला, धान्य व्यापाऱ्यांवर आणि गिरणीमालकांवर त्याचा रोख होता. ब्रिटिश सैन्याच्या गोळीबारात माणसं मेली. तो दिवस आज राष्ट्रीय दिन म्हणून पाळतात. दुसऱ्या महायुद्धात वेढा पडला तेव्हा मे १९४२ पासून पावाचंही रेशन झालं आणि जळण वाचवण्यासाठी सरकारनं सामाईक स्वयंपाकघरं उघडली. ऑगस्टमध्ये ‘ओहायो’ हे तेलवाहू जहाज अर्धं बुडालेल्या अवस्थेत बंदरात ओढून आणलं, तेव्हा बेट शरणागतीच्या काठावरून मागे आलं.

युद्ध संपलं, पण गोदीत सगळ्यांना पुरेल इतकं काम उरलं नाही. १९४८ मध्ये ऑस्ट्रेलियाशी सवलतीच्या भाड्याचा करार झाला आणि हजारो माणसं मेलबर्नच्या पश्चिम उपनगरांत जाऊन राहिली. काही कॅनडाला गेली. टोरोंटोच्या जंक्शन भागात डंडास स्ट्रीटवर माल्टीज चर्च १९३० च्या सुमारासच उभं राहिलं होतं. त्याच्या आसपास क्लब आले, दुकानं आली आणि घरची बेकरीही आली. अशा बेकरीत काउंटरवर पस्तित्सी, गोलसर अस्सातात, इमआरेत आणि ईस्टरला बदामाचं सारण भरलेल्या फिगॉली शेजारी शेजारी मांडलेल्या असतात. मागच्या बाजूला तीच वळकटी, तोच अंगठा. शनिवारी दूरच्या उपनगरांतून माणसं येतात आणि डझनावारी न भाजलेल्या, गोठवलेल्या पस्तित्सी घेऊन जातात. भाजणं आता घरोघर होतं, कारण प्रत्येक घरात वीज आणि ओव्हन आहे. जळणाच्या टंचाईनं जी पस्तित्सी दुकानात नेली तीच आता घरी परतते आहे. वळकटी ओढणं मात्र दुकानातच राहिलं.

माल्टात कारखान्यांनी बराच माल उचलला आहे. यंत्र पट्टी ओढतं, चरबीच्या जागी मार्गारीन आली. २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत माल्टाचा पसरट पाव, फ्तिरा, दाखल झाला. पस्तित्सी नाही, आणि तिला त्याची फिकीर असल्याचं दिसत नाही. वॅलेटात, माल्टातल्याच रबातमध्ये किंवा टोरोंटोत काउंटरपाशी गेलात तर ‘ही मूळची कुणाची?’ असं विचारू नका. त्यावर प्रत्येक जण आपापला राजा सांगतो. ‘यात चरबी कोणती?’ असं विचारा. शाकाहारी माणसाला ते विचारावंच लागतं, आणि उत्तरातूनच कळतं की हे दुकान अजून जुन्या भट्टीवाल्याचं आहे की गोठवलेला माल आणून भाजणाऱ्याचं.