बुटक्या ज्वारीची गोष्ट

वाचकहो, आज तुम्हांला आधी जालन्याच्या ज्वारीच्या रानात न्यायचे आहे आणि मग घटकाभर पॅरिसच्या एका प्रयोगशाळेत. प्रश्न दोन्हीकडे एकच. वाढत्या जिवातले एकच जनुक बिघडले, तर काय होते?

आपली जुनी ज्वारी माणसाच्या डोक्यावरून जाणारी. शेतकऱ्याचा एक डोळा कणसावर, तर दुसरा कडब्यावर. १९६४ साली सीएसएच-१ ही देशातली पहिली संकरित ज्वारी आली. त्याच वर्षी बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात 'महिको' ही बियाण्यांची कंपनी काढली. (जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होते, स्वतंत्र जिल्हा झाला १९८१ साली.) या नव्या ज्वारीची आई अमेरिकेची, 'कंबाइन काफिर ६०' या वाणाची. कंबाइन म्हणजे कापणी-मळणीचे यंत्र. कणसे यंत्राच्या आवाक्यात यावीत म्हणून तिकडे बुटकी ताटे मुद्दाम निवडून वाढवली होती.

आणि आपल्याकडे काढणी विळ्याने! यंत्रासाठी ठेंगणी झालेली ज्वारी बैलांच्या मुलखात आली. दाणा वाढला, पण कडबा घटला. "पोती भरली खरी, पण बैलानं काय खावं?" ही तक्रार अडाणीपणाची नव्हती. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांना वैरणीचे मोल कुणी शिकवायला नको.

हा ठेंगणेपणा येतो कुठून? टेक्सासच्या क्विनबी आणि कार्पर यांनी १९५४ साली दाखवले की ज्वारीची उंची मुख्यतः चार जनुकांवर ठरते. त्यांपैकी तिसऱ्याचे गुपित २००३ साली उलगडले. ताटाच्या शेंड्याकडे ऑक्सिन नावाचे वाढीचे द्रव्य तयार होते आणि पेशीपेशीतून खाली उतरते. ते पुढे ढकलणारा जणू एक पंप या जनुकामुळे बनतो. जनुक बिघडले की पंप बंद. मग खालची पेरे आखूड राहतात. गंमत अशी की पानांची संख्या तीच राहते आणि फुलोराही वेळेवर येतो. सगळे झाड खुरटत नाही, फक्त कांडी आखडतात.

आता उंदराकडे वळू. पॅरिसमध्ये नादेझ्दा दोब्रोव्होल्स्काया-झावाद्स्काया या रशियन बाईंनी १९२७ साली आखूड शेपटीचे उंदीर नोंदवले. बिघडलेले जनुक आईबापांपैकी एकाकडूनच आले, तर पिलाची शेपटी तोकडी, बाकी उंदीर धडधाकट. दोघांकडून आले, तर पिलू जन्मालाच येत नाही. शरीराचा मागचा भाग घडत नाही, आणि सुमारे वीस दिवसांच्या गर्भवासात ते अर्ध्या वाटेवरच मरते. म्हणजे शेपटी हे नुसते वरवरचे लक्षण. त्या जनुकाचे खरे काम पाठीच्या कण्याची पहिली आखणी करण्याचे. जनुक प्रत्यक्ष हाती लागायला १९९० साल उजाडले. त्याचे नाव 'ब्रॅकियुरी', ग्रीकमध्ये आखूड शेपटी. मक्यातल्या ज्या जनुकाचे ज्वारीच्या या जनुकाशी सख्खे नाते आहे, त्याचे नावही 'ब्रॅकिटिक', म्हणजे आखूडच! कामे मात्र अगदी वेगळी. नावावरून नाते जुळवू नये.

ज्वारीत आणखी एक खोडी आहे. त्या जनुकातला बिघाड म्हणजे ८८२ अक्षरांचा एक तुकडा चुकून दोनदा लिहिला गेलेला. बीज तयार होताना क्वचित जादा तुकडा गळून पडतो आणि जनुक पूर्ववत होते. मग सारख्या उंचीच्या बुटक्या रानात एखादेच ताट हातभर वर डोकावते. पाहणाऱ्याला वाटते, बियाण्यात भेसळ झाली. भेसळ कसली, ते त्याच घरातले पोर, आजोबांच्या उंचीवर गेलेले. पण बीजोत्पादनाच्या प्लॉटात त्याची गय होत नाही. फुलोऱ्याआधीच ते मुळासकट उपटून बांधावर टाकतात, आणि बांधावरचा बैल ते मिटक्या मारीत खातो.