पंचगंगा घाट : बिंदुमाधव आणि कार्तिकातील आकाशदीप

वाराणसीतील पंचगंगा घाटावर गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा या पाच नद्यांचा संगम होतो, अशी श्रद्धा आहे. डोळ्यांना दिसते ती मात्र एकटी गंगा. स्कंदपुराणातील काशीखंडानुसार, अग्निबिंदू ऋषींच्या विनंतीवरून विष्णूने येथे वास केला आणि ऋषींचे नाव धारण करून तो बिंदुमाधव झाला.

फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निए याने १६६५ मध्ये येथील भव्य मंदिर पाहिले. त्याची रचना चार समान भुजांच्या क्रुसासारखी असल्याची नोंद त्याने केली आहे. पुढे औरंगजेबाच्या कारकिर्दीत ते पाडले गेले आणि त्या जागी आलमगीर मशीद उभी राहिली. बिंदुमाधवाची उपासना मात्र घाट सोडून गेली नाही. मशिदीजवळचे आजचे मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधले. बाहेरून ते राहत्या घरासारखे दिसत असल्याने नवख्या यात्रेकरूच्या ते सहज लक्षात येत नाही.

कार्तिक हा येथील उपासनेचा मुख्य महिना. भाविक पहाटे पंचगंगेत स्नान करून माधवाचे दर्शन घेतात. सायंकाळी उंच बांबूंवर दोरीने वेताच्या टोपल्या चढवल्या जातात. त्यांतील दिव्यांना आकाशदीप म्हणतात. हे दिवे पितरांची वाट उजळतात, अशी धारणा आहे. घाटावर अहिल्याबाई होळकर यांनी उभारलेला ‘हजारा’ हा दगडी दीपस्तंभ आहे. कार्तिक पौर्णिमेला, देवदिवाळीच्या संध्याकाळी, तो दिव्यांनी उजळतो.